गोड्या बावेची गुळणी

पेण,
बुधवार, १० सप्टेंबर २०२५

ती. वन्संना लतिकाचा नमस्कार. अण्णांनाही सांगा. त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन दिवाळीनंतर ठरलं होतं, ते तसंच आहे ना?

फोन दोनदा केला, तुम्ही उचलला नाहीत. तिसऱ्या वेळी अण्णांनी उचलला आणि "ती पूजेला बसलीय" म्हणाले. तेव्हा दुपारचे चार वाजले होते. अण्णांना खोटं बोलता येत नाही, त्यांना पुन्हा त्या कामाला लावू नका. आणि तुम्ही उचलला असतात तरी मी काय बोलले असते? पाऊस, तब्येत, आणि "बरं, ठेवू का?" पत्र निदान मधेच ठेवता येत नाही.

इकडे सगळे ठीक. सुश्रुतची नागोठण्याला कंपनीत या आठवड्यात रात्रपाळी आहे. त्याच्या सावनीची चाचणी परीक्षा झाली. तुमच्या भावाचा गुडघा लिफ्टमुळे बरा आहे, पण माणूस काही बरा नाही. नऊ वाजले की प्लास्टिकची खुर्ची घेऊन खाली जातात आणि गेटपाशी हरेशच्या शेजारी बसतात. हरेश तुम्हाला आठवेल. शेजारच्या गणपतीच्या कारखान्यात साच्यातून मूर्ती काढायचा, जोह्याचा. कारखाना उठून जोह्याला गेला आणि हा उलटा रोज जोह्याहून पेणला येतो, निळा गणवेश घालून. परवा यांना म्हणत होता, "काका, आधी मी हितं बसून गणपती करायचो, आता हितंच बसून गाड्यांचे नंबर लिवतो. जागा बदलली नाय, धंदा तेवढा बदलला."

पार्सलवाली मुलं पत्ता विचारतात. हे त्यांना "गोडीबाव आळीत शिरा, पोह्याची गिरणी ओलांडली की" असं सुरू करतात. गिरणीच्या जागी आता जिम आहे. मुलगा बिचारा मोबाइलकडे बघतो, यांच्याकडे बघतो. मग हरेश म्हणतो, "अरे, अ‍ॅक्वा हाइट्स! बी विंग!" आणि मुलगा सुटतो. तुम्हालाही स्टँडवरच्या रिक्षावाल्याने असंच विचारलं होतं ना? "गोडीबाव आळी? ते कुठं आलं, आजी?" आणि तुम्ही म्हणालात, "माझ्या जन्माच्या आधी आलंय." वर आल्यावर तुम्ही त्याची नक्कल करून दाखवलीत तेव्हा सगळे किती हसलो. तुम्ही आमच्याकडे हसलात ते तेवढंच. नाही, अजून एकदा हसलात. त्याच्याबद्दल लिहायचंच आहे.

या इमारतीतली पहिली गौर आणायच्या दिवशीचं सांगते. तुम्ही होतात, तरी सांगते, कारण तुम्ही दारात होतात आणि मी खाली होते.

तुम्ही सकाळपासून तीनदा म्हणालात, "चल, मला बाव दाखव." एकदा मी अळू चिरत होते. एकदा म्हटलं, तळघरात ओल आहे, पाय घसरेल. तिसऱ्यांदा म्हटलं, आत्ता गाड्या उभ्या आहेत, उद्या दाखवते. फोनवर मी तुम्हाला सांगितलंच होतं की बाव आहे, वरून नुसती स्लॅब घातली आहे, विहिरीचं पाणी खाली तसंच आहे. तुम्ही म्हणालात, "असू दे, झाकलेली का असेना, आहे ना." आणि सावनीच्या डोक्यावरून हात फिरवून तिला सगळं समजावलंत. तोंडात पाण्याची गुळणी धरायची. मुक्यानं जायचं, बावेच्या कडेचे पाच खडे उचलायचे, मुक्यानं यायचं. गौर घरात बसेपर्यंत अक्षर बोलायचं नाही. तुम्ही स्वतः परकराच्या वयात आणायचात, तेव्हा तुमच्या वडिलांनी, म्हणजे मामंजींनी, मुद्दाम वाटेत उभं राहून तुम्हाला हसवायचा प्रयत्न केला होता आणि तुम्ही पाणी गिळून टाकलं होतं. मग आईंनी तुम्हाला परत पाठवलं. ही गोष्ट सावनीने दोनदा सांगायला लावली.

मी तिच्याबरोबर घंटा घेऊन खाली गेले. लॉबीत त्या दोन मोठ्या कुंड्या आहेत ना, पामच्या, त्यांत पांढरे गुळगुळीत दगड टाकलेत. मी आदल्या दिवशीच तिच्या कानात सांगून ठेवलं होतं: तिथले घे. तिनं माझ्याकडे पाहिलं. गाल फुगलेले, डोळे मोठे. विचारायचं होतं तिला काहीतरी, पण तोंडात पाणी. मी मान हलवली. तिनं पाच दगड तबकात ठेवले.

हरेश खुर्चीवरून उठला. "काकू, ते सोसायटीचे दगड हायत."

"देवाला हवेत रे. परत देईन."

"देवाला नाय कोण म्हणतंय? पण सेक्रेटरी मोजतो. त्याला दुसरं काम काय हाय?"

लिफ्टमध्ये तिसऱ्या मजल्यावर एक बाई कुत्रं घेऊन शिरल्या. कुत्रं तबक हुंगायला लागलं. सावनीच्या नाकातून हसू बाहेर यायला लागलं, मी तिचा खांदा दाबून धरला. आणि सातव्या मजल्यावर दार उघडलं तर तुम्ही समोर उंबऱ्यात, हातात दूधपाण्याचा गडू, खणखणीत आवाजात विचारलंत, "गौर आली, कशाच्या पावलांनी आली?"

मी उत्तर देण्याआधी लिफ्ट म्हणाली, "सेव्हन्थ फ्लोअर."

वन्सं, तुम्ही तेव्हा इतक्या हसलात की गडूतलं पाणी सांडलं. मला वाटलं, निभावलं. बाव नसली तरी निभतं.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. गौर पाटावर बसली, सावनीने गुळणी तुळशीच्या कुंडीत टाकली. तुम्ही पदराने तिचं तोंड पुसलंत आणि विचारलंत, "गोड लागलं ना पाणी? आपल्या बावेचं आहे."

"फिल्टरचं होतं ते, आजी."

"आणि खडे?"

"खालच्या कुंडीतले. पेणच्या आजीने सांगितलं."

"अगं, बावेपाशी का नाही गेलीस?"

"ती तर बुजवली ना! तिथे बाबांची गाडी असते."

आठ वर्षांची पोर. तोंड मोकळं झाल्यावर पहिल्यांदा जे खरं होतं ते बोलली.

तुम्ही त्या पाच दगडांना हळदकुंकू वाहिलंत, आरतीला उभ्या राहिलात, भाजी-भाकरी खाल्लीत, रोह्याची पहिली एसटी किती वाजता सुटते ते यांना विचारलंत. हे म्हणाले, "ताई, उद्या घावन-घाटलं आहे." तुम्ही म्हणालात, "घावनाला पाणी कुठलं घेणार?" आणि सकाळी दारात चपला घालताना माझ्याकडे न बघता एवढंच म्हणालात, "मी हिस्सा सोडला होता, लतिका. बाव सोडली नव्हती."

त्याच वाक्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं, आणि अजून तिथे पोचलेच नाही. इकडच्या तिकडच्या चार गोष्टी सांगून झाल्या. आता लिहिते.

तुम्ही हक्कसोडपत्रावर सही केलीत तेव्हा भावाकडून एकच मागितलंत. फ्लॅट नको, काही नको, बाव ठेवा, गौरीला मी येत जाईन. बिल्डरच्या पहिल्या नकाशात ती होतीही. जाळी, दिवे, भोवती बाक. मग गाड्यांच्या उताराला जागा कमी पडायला लागली. यांना तेव्हा ताप होता, भाड्याच्या त्या दोन खोल्यांत पडून होते, म्हणून सभेला मी गेले, यांचं अधिकारपत्र घेऊन. बाव आपल्या हद्दीत होती. त्यामुळे जागा देणाऱ्या बाकीच्या घरांनी काहीही म्हटलं तरी आपलं घर "नाही" म्हणालं असतं तर ती राहिली असती. बिल्डरच्या माणसाने अगदी अदबीने विचारलं, "काकू, तुमची काही हरकत?"

मी म्हटलं, "हरकत नाही."

कुणी जबरदस्ती केली नव्हती. घरी येऊन यांना सांगितलं, बहुमताने ठरलं. तुम्हाला सांगितलं, स्लॅब घातली.

का म्हटलं, ते लिहिते. हे मी कुणालाच कधी बोलले नाही. वन्सं, तुम्हाला बाव म्हणजे माहेर. मला बाव म्हणजे कळशा. लग्न होऊन आले तेव्हा नळाला दिवसाआड पाणी, आणि तेही मचूळ. साऱ्या आळीला गोडं पाणी आपल्या बावेचं, आणि आपल्या घराला ते ओढणारी मी. सुश्रुत पोटात होता तेव्हाही. तुम्ही माहेरपणाला यायचात, मुलं यायची, त्यांच्या न्हाण्याचं पाणी वाढायचं. आईंचा नियम होता, माहेरवाशिणीने कळशीला हात लावायचा नाही. तुम्ही कठड्यावर बसून केस वाळवायचात, गाणी म्हणायचात, मला म्हणायचात, "लतिका, काय सुख आहे गं इथे." मी रहाट ओढत असायची. तुमचा दोष नव्हता. तुम्ही पुष्कळदा उठायचात, आई बसवायच्या. पण माझ्या हाताला घट्टे पडले ते पडलेच.

म्हणून "हरकत नाही" म्हणताना मला वाईट वाटलं नाही. खरं सांगायचं तर बरं वाटलं. डंपर आला तेव्हा मी मुद्दाम बघायला गेले होते. आपल्याच घराच्या विटा होत्या त्यात, कौलांचे तुकडे. पहिल्या खेपेचा आवाज खोल गेला. दुसऱ्या खेपेचा तेवढा गेला नाही. मग नुसता दगडावर दगड. मी उभी राहिले आणि मनात म्हटलं, घ्या.

आणि इमारतीचं नाव ठेवलं पाण्यावरून. बावेची गोष्ट मीच त्या माणसाला सांगितली होती. त्याला आवडली.

आता उन्हाळ्यात टँकर येतो. तो मुद्दा नाही. मुद्दा असा की मला वाटलं होतं बाव फक्त तुमची होती. गौरीच्या दिवशी त्या कुंडीपुढे पोरीला उभं करून मी मान हलवली, तेव्हा कळलं की या गावात मला ओळखणारी प्रत्येक बाई मला त्या कठड्यापाशी भेटली होती. आता मी बी-सातशे दोन. समोरच्या दारातली निशिगंधा, पनवेलहून आलेली, चांगली मुलगी आहे, आरतीला आली होती. तिनं विचारलं, "काकू, तुम्ही मूळच्या कुठल्या?" मी म्हटलं, इथलीच. ती म्हणाली, "इथली म्हणजे?" आणि मला सांगताच येईना. बोट कुठे दाखवू? सुश्रुतच्या गाडीकडे?

काल यांना सगळं सांगितलं. खुर्ची घेऊन निघालेच होते खाली. थांबले. म्हणाले, "बहुमत कसलं झालं ते मीही विचारलं नाही." आणि गेले. म्हणजे गुळणी एकट्या सावनीने धरली नव्हती. तिची निदान पाण्याची होती.

तुमच्या दोन गोष्टी इथे राहिल्यात.

एक, तुमची ओटी. खण, नारळ, तांदूळ काढून ठेवले होते, तुम्ही निघालात तसे ते तबकातच राहिले. चाळीस-बेचाळीस वर्षांत माहेरवाशीण या घरातून रिकाम्या पदराने गेली नव्हती. माझ्या हातून गेली.

दुसरी, गौर. गणपती तळ्यावर गेले, पण खडे माझ्याच्याने नेववले नाहीत. आपण ते जिथून आणले तिथेच, बावेत सोडायचो, आणि पडल्याचा आवाज येईपर्यंत सगळे कान देऊन उभे राहायचो. हे कुंडीत परत टाकायचे? हरेश वर आला होता विचारायला. मी म्हटलं, सेक्रेटरीने मोजले तर माझं नाव सांग. तो पाटाकडे बघत राहिला, म्हणाला, "ऱ्हाऊ द्या, काकू. एकदा कुंकू लागल्यावर ते सोसायटीचे कसले?" ते खिडकीत वाटीभर पाण्यात ठेवलेत. रोज पाणी बदलते. फिल्टरचंच.

पितृपक्ष संपला की घटस्थापनेच्या दुसऱ्या दिवशी, मंगळवारी, मी सकाळच्या गाडीने रोह्याला येते आहे. एकटी. ओटी आणि खडे घेऊन. खडे तुमच्या कुंडलिका नदीत सोडू, तुमची इच्छा असली तर दोघी मिळून. पदर पुढे केलात तर ओटी भरीन. नाही केलात तर उंबऱ्यावर ठेवून नमस्कार करीन आणि दुपारच्या गाडीने परत येईन, रागावणार नाही. पण दार तुम्ही उघडा. अण्णांना पाठवू नका.

आणि काय बोलायचं असेल ते बोला. रहाट ओढत होते त्या सगळ्या वर्षांत तुम्ही एकट्याच मला "बस गं जरा" म्हणायचात. तुम्ही बोललेलं मी ऐकून घेईन.

येताना मी तोंडात काही धरून येणार नाही.

तुमच्या माहेरची,
लतिका