मार्तंडचा अभिप्राय

नंदनवन, नागपूर
दि. २ डिसेंबर १९७९

ती. सौ. शोभाताईस,
शामलाचा शि. सा. न. वि. वि.

तुझी संत्री पोचली. माय बरी आहे. गुडघे कुरकुरतात, पण जीभ अजून शाबूत आहे, काळजी नसावी.

मला गल्लीतल्या वाचनालयात काम लागलं हे मागेच कळवलं होतं. वाचनालय कसलं, रिटायर पोस्टमास्तर वामनरावांची पुढची खोली आणि तीन कपाटं! पण कायदा कडक. पुस्तक परत करताना मागच्या कोऱ्या पानांवर तारीख टाकून, सही करून अभिप्राय लिहायचाच. नाहीतर वामनराव पुस्तक हातातच घेत नाहीत, माणूस उन्हात उभा राहिला तरी. डोळे अधू झाल्यामुळे आता ते वाचत नाहीत, नुसतं पान शाईनं भरलं का ते बघतात.

फाटकी चाळीस पुस्तकं मी पाच नोव्हेंबरला पुठ्ठे चढवायला घरी आणली. माय खळ शिजवते, आपली भावजय प्रमिला कागद कापते, मी चिकटवते. त्यात एक जुन्या विलायती भुताच्या कादंबरीचं भाषांतर आहे. पहिलं पान गेलंय, म्हणून नाव कोणालाच ठाऊक नाही. तिकडे म्हणे शंभर वर्षं झाली तरी लोक वाचतात. समुद्रात बुडालेल्या खलाशाची बायको रोज संध्याकाळी दाराची कडी काढून त्याची वाट बघते, आणि तो ओल्या पायांनी रोज एक पाऊल जवळ येतो. शेवटी तीच पाण्यात चालत जाते. वाचताना माझे तळवे गार पडले.

पण अभिप्राय वाचशील तर हसशील. किराणावाले नत्थूजी लिहितात, "दोनशे पानं झाली तरी भूत उंबऱ्याबाहेरच. आमच्या दुकानात गिऱ्हाईक एवढं ताटकळलं तर दुसरीकडे जाईल." रंभाबाई लिहितात, "नवरा जिता असो की मेलेला, ओल्या पायांनी घरभर फिरला तर फरशी पुसायची कोणी?"

आणि त्यांच्यापुढच्या पानावर, ताई, आपल्या मार्तंडचं अक्षर आहे. "ती बाई बरोबर करते. वाट पाहणारीच्या घरी माणूस येतोच. मार्तंड." तारीख ११ नोव्हेंबर १९७९. कन्हान नदीच्या पुरात त्याचा ट्रक गेला त्याला तोवर सव्वा वर्ष झालं होतं. ट्रक मिळाला, तो मिळाला नाही, हे तुला मी काय सांगू! आणि त्या तारखेला पुस्तक आपल्याच घरात होतं. घरात आम्ही तिघीच. प्रमिलेचं अक्षर तिरपं, माझं तुला माहीतच आहे, आणि मायला सहीपुरतंच येतं.

हिंगण्याच्या मास्तरांचं स्थळ प्रमिलेला सांगून आलं आहे. बायको गेलेली, एक लहान मुलगी. संक्रांतीनंतर तिचे वडील तिला न्यायला येतील. इतक्या दिवसांनी ती जरा हसायला लागली होती. मी काय करू, ते कळव.

भाऊजींना नमस्कार, आणि या भित्र्या बहिणीवरचा जीव पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी,
शामला


मु. काटोल
दि. ८ डिसेंबर १९७९

चि. शामलास,
शोभाचे अनेक आशीर्वाद.

बह्याडे, भुताची पुस्तकं घरात आणाले तुले कोणी सांगितलं होतं? तुह्या पत्रानं माह्या हातचं वरण करपलं. तुह्या भाऊजीनं तेच निमूट खाल्लं, काहून की माझं तोंड पाहूनच त्याईले कळलं.

ते पुस्तक गठ्ठ्याच्या तळाशी घाल अन् प्रमिलाले दाखवू नको. पोट्टी बावीस वर्षांची आहे वं. आपल्यात विधवेचा पाट लागते, मास्तर भला माणूस आहे, मंग तिनं काहून असंच बसून राहावं? मार्तंड माह्या पाठचा भाऊ. त्याच्यासाठी मी किती रडली ते या विहिरीले ठाऊक. पण गेलेल्याच्या नावानं जित्या पोरीले बांधून ठेवू नये.

त्या ओळीवर पातळ कागद ठेवून अक्षर जसंच्या तसं गिरव अन् मले पाठव. काहून ते मंग सांगीन.

मायले माझं नाव घेऊन एक शेंगदाण्याचा लाडू दे, अन् मले विसरू नको.
तुही,
शोभाताई


नंदनवन, नागपूर
दि. ९ जानेवारी १९८०

ती. सौ. शोभाताईस,
शामलाचा साष्टांग नमस्कार.

उशीर झाला, रागावू नकोस. मी पुस्तक तळाशी घातलं होतं. पण खळ वाळली का म्हणून प्रमिलेनं गठ्ठा सोडला आणि नको तेच तिच्या हाती लागलं. किंचाळली नाही ग ती. पदरानं पान पुसलं, छातीशी धरलं आणि न्हाणीघरात जाऊन बसली.

त्यानंतर चार दिवसांनी खाली दुसरी ओळ आली. "दाराला कडी लावू नका." तारीख ३० डिसेंबर, खाली तीच सही. मी स्वतः आदल्या दिवशी पान पाहिलं होतं, कोरं होतं. बाप्पा! अंगावर असा काटा आला की दुपारचं ऊन असून मी स्वेटर घातला.

आता दिवे लागले की प्रमिला कडी काढते आणि उंबऱ्याशी बसते. चौथं ताट वाढते. ते सकाळी गाईला जातं. वडिलांना तिनं पत्र टाकलं की मास्तरांना नाही म्हणून कळवा. जेवण सुटलं आहे. काल कपडे वाळत घालता घालता तिनं मला सहज विचारलं की कन्हानला बस कुठून सुटते आणि पुलापाशी थांबते का. ताई, त्या पुस्तकाचं शेवटचं प्रकरण तिनं तीनदा वाचलंय. मी तिला एकटी सोडत नाही, पण मला वाचनालयात जावंच लागतं. मायला म्हटलं हिच्यावर लक्ष ठेव, तर मायच पांढरीफटक.

अक्षर गिरवून सोबत पाठवते. लवकर लिही. मला खरंच भीती वाटून राहिली आहे.

तुझ्या उत्तराच्या आशेवर उभी असलेली,
शामला


मु. काटोल
दि. १५ जानेवारी १९८०

चि. शामलास,
आशीर्वाद. तिळगूळ मागून येईल, पहिले हे वाच.

हे मार्तंडचं अक्षर नाही. मायचं आहे.

माह्या पहिल्या बाळंतपणाच्या वक्ताले मायनं एक पत्र धाडलं होतं. मले वाटलं तिनं सांगितलं अन् मार्तंडनं लिहिलं. पण शेवटी ओळ होती की हे मी सोता लिहिलं, मार्तंड्यानं पाटीवर गिरवून गिरवून शिकवलं, कोणाले सांगू नको, या वयात शिकली म्हणून हसतील. त्याचंच गिरवलं, मंग अक्षर त्याच्यासारखं येणार नाही तर काय! पत्र पेटीत जपून ठेवलं होतं. तुह्या कागदाशेजारी ठेवून पाहिलं. डिट्टो. आजवर तिचा शब्द पाळला, आता पाळत नाही.

रागानं तोंड सोडू नको. पण माय असं कायले करून राहिली, ते मले कळत नाही. तिचा तर प्रमिलावर जीव आहे. एक काम कर. मार्तंडनं ते पुस्तक कधी नेलं होतं का, ते वामनरावाच्या जुन्या वहीत पाय. भूत-कादंबऱ्यांचा नाद त्यालेच होता.

अन् प्रमिलाले बसस्टँडकडे फिरकू देऊ नको, तुले माह्या गळ्याची आण.
तुही,
शोभाताई


नंदनवन, नागपूर
दि. २४ जानेवारी १९८०

ती. सौ. शोभाताईस,
तुझ्या धाकटीचा कृ. सा. न. वि. वि.

पत्र आलं त्याच दुपारी मी वामनरावांकडे गेले. जुनी वही त्यांच्या पेटीत होती. त्या पुस्तकासमोर शेवटचं नाव मार्तंडचंच. परत केल्याची तारीख २० ऑगस्ट १९७८, पुराच्या दोन दिवस आधीची. त्यानंतर कोणी नेलंच नाही. मी म्हटलं, पण त्या तारखेचा अभिप्राय तर पुस्तकात नाही. झालं, म्हातारा भडकला. अभिप्रायाशिवाय आपण प्रत्यक्ष कलेक्टरचंही पुस्तक परत घेतलं नसतं, मार्तंड कोण लागून गेला, असं म्हणून त्यांनी मला घरी पिटाळलं. पान शोधून आण म्हणाले.

शोधलं. रंभाबाईंच्या अभिप्रायानंतरचं पान हाताला जाड लागलं. दोन पानं एकमेकांना चिकटवली होती, आणि वास आपल्या खळीचा. मी ओलं फडकं ठेवलं. माय चुलीपाशी होती. तिनं बघितलं आणि पदरात तोंड लपवलं. प्रमिला उंबऱ्यावरून उठून आली. मी हळूहळू पान सोडवलं. आत मार्तंडचं खरं अक्षर होतं. ओळी तुझ्यासाठी जशाच्या तशा उतरवते.

"भुताची भीती वाटली नाही. त्या बाईची वाटली. कडी काढून अशी बसली तर मेलेला काय, जिताही घाबरेल. माझ्यावर कधी वेळ आली तर आमच्या पमूनं कडी लावावी, पोटभर जेवावं आणि चांगला माणूस पाहून संसार करावा. उगाच कोणासाठी थंडीत बसू नये. पुस्तक मात्र झकास. मार्तंड, सभासद ३१. ता. २० ऑगस्ट १९७८."

थट्टेत लिहिलं असेल ग त्यानं. दोनच दिवस होते हातात आणि हा थट्टा करत होता! मला त्या ओळींची जेवढी भीती वाटली तेवढी खोट्या ओळींची नव्हती वाटली.

माय सगळं बोलली. दुपारी आम्ही नसताना ती चोरून पुस्तकं वाचायची. त्यात तिला हे पान सापडलं. नेमकं मास्तरांचं स्थळ आलं त्याच आठवड्यात. लेकाच्या हातचं शेवटचं लिहिणं आणि त्यात सुनेला जा म्हणून सांगितलेलं. तिला ते जाळवेना आणि ठेववेना, म्हणून चिकटवलं. मग त्याच्या अक्षरात दुसरं लिहिलं. प्रमिला गेली म्हणजे माझा पोरगा खरंच गेला, एवढंच म्हणत होती. पण पोरगी कन्हानची बस विचारेल हे तिच्या स्वप्नातही नव्हतं. ते कळल्यापासून ती स्वतःच भ्याली होती, पण कबूल करायचं कसं, ते तिला समजेना.

मला वाटलं प्रमिला आता हिला नाही नाही ते बोलेल. ती मायच्या मांडीवर डोकं ठेवून रडली. पुराच्या वेळी रडली नव्हती तेवढी. मग उठली आणि चार पोळ्या खाल्ल्या, मी मोजल्या. परवा तिचे वडील आले. मास्तरांना होकार गेला आहे. पाट माघात लागेल, तुला यायचंच आहे.

आज मी पुस्तक परत करायला निघाले तर मायनं थांबवलं. वामनरावांचा कायदा कायदा आहे, मीही वाचलंय म्हणाली. आपल्या लिहिलेल्या दोन्ही ओळींवर तिनं काट मारली आणि खाली, त्याच मार्तंडच्या अक्षरात, पण पहिल्यांदा स्वतःच्या नावानं लिहिलं, "वाचली. कडी लावली. भीमाबाई." वामनरावांनी पान भरलेलं बघून पुस्तक घेतलं.

येताना शेंगदाण्याचे लाडू आण, माय मागते आहे. आम्हा तिघींची तुझ्यावर माया आहेच, तुझीही असू दे.
तुझी,
शामला