चौकटीवरची करंगळी

आत्याबाई, तुम्हाला पत्र लिहायचं म्हणजे गंमतच आहे. तुम्हाला वाचता येत नव्हतं, आणि घरात आलेलं प्रत्येक पत्र तुमची सून म्हणून मीच तुम्हाला वाचून दाखवायची. आता हे कोण वाचून दाखवणार? तरी लिहायला बसले आहे, कारण गेले कित्येक दिवस जिवाला चैन नाही. बसले की उठावंसं वाटतं, उठले की कुठे जायचं ते सुचत नाही. मग कॅमेरा गळ्यात अडकवते आणि साताऱ्याच्या पेठांमधून खिडक्यांचे फोटो काढत हिंडते. माणसांचे नाही, खिडक्यांचेच. चौकट, गज, उडालेला रंग, काचेत पडलेलं समोरचं झाड. लोक आपल्याच घराकडे वळून बघतात, की या बाईला इथे काय दिसलं. तुमची नात म्हणते, "आई, म्हातारपणी चळ लागला तुला." लागला असेल. पण तो कुठे लागला ते मला ठाऊक आहे, आणि तुम्हालाही.

माझ्या माहेरी, सांगलीला लोक लेकीला लग्नात भांडी देतात, पलंग देतात. माझ्या वडिलांनी खिडकी दिली. लग्न ठरवायला ते कोरेगावकडे तुमच्या घरी आले, तेव्हा माजघरातला अंधार त्यांच्या मनात बसला होता. सागवानी चौकट, बाहेर परसात उघडणारी दोन दारं, दारांना अखंड काचा, आणि उघडलेलं दार जागेवर राहावं म्हणून खाली पितळेचा आकडा. उसाच्या पाचटात गुंडाळून बैलगाडीतून आली ती. गावातली काचेची पहिली खिडकी. तुम्ही ती बसवून घेतलीत, पाहुण्यांपुढे तोंड भरून कौतुक केलंत, आणि पाहुणे गेल्यावर खळ शिजवून काचांना आतून वर्तमानपत्राचे कागद चिकटवलेत. घरात गोशा. परक्या पुरुषाची नजर घरातल्या बाईवर पडायची नाही, आणि काचेतून तर सगळा गाव आत येणार! "उजेड येतोय न्हवं कागदातनं? मग झालं," तुम्ही म्हणालात. मी एकदा केसांतल्या पिनेने कागदाला डोळ्याएवढं भोक पाडलं. त्यातून परसातला आंबा आणि पलीकडच्या रस्त्याचा एक तुकडा दिसायचा. तुम्हाला ते दुसऱ्याच दिवशी कळलं. मी चुलीपुढे भाकरी थापत होते, आणि तुम्ही पाठीमागे उभं राहून हळू आवाजात म्हणालात, "डोळा भायेर गेला की पाय बी जातोय, सूनबाई." तुम्ही ओरडला असता तर मला बरं वाटलं असतं. भोकावर नवा कागद बसला, आणि तो जरा जाडच होता.

तुमचा लेक तेव्हा पलटणीत होता. लग्न झालं, रजा संपली, आणि ते लढाईवर समुद्रापार गेले. त्या थोड्या दिवसांत आम्ही एकमेकांना उजेडात असं पाहिलंच नव्हतं. दिवसा ते सोप्यात, मी माजघरात, आणि समोर आलेच तर माझी नजर त्यांच्या पायांवर. त्यांच्या पायाचा अंगठा मी गर्दीतून ओळखला असता, चेहरा नसता सांगता आला. तिकडे त्यांचंही तेच झालं असणार. कारण एका पत्रात त्यांनी लिहिलं, "हिचा चेहरा डोळ्यांपुढे आणू म्हटलं तर येत नाही. एक फोटो काढून पाठवावा." आणि हे वाक्य सासूला मोठ्याने वाचून दाखवायचं होतं मला! मी पदर तोंडावर ओढून एका दमात वाचून टाकलं.

"परत वाच," तुम्ही म्हणालात. मी परत वाचलं. तुम्ही तांदूळ निवडत होतात, तुमचा हात थांबला.

"आन् माझं काय लिवलंय?"

"तब्येतीला जपा म्हणून लिवलंय."

"व्हय व्हय," असं म्हणून तुम्ही पुन्हा खडे वेचू लागलात. त्या वेळी माझ्या कानांत दुसरं काहीच शिरत नव्हतं. ते मला पाहणार, एवढंच मला कळत होतं. आणि ते पाहणार नाहीत अशी भीतीही होती, कारण फोटो काढणारा पुरुष असतो, आणि तुमच्या घरात पुरुषापुढे बाई उभी राहत नाही. किती दिवस तुम्ही हो म्हणाला नाहीत, नाहीही म्हणाला नाहीत. मी पाणी भरायची, दळायची, आणि प्रत्येक कामात माझं मन पाय आपटत फिरत असायचं. मला तिकडे, त्यांच्या खिशात जायचं होतं.

मग एके सकाळी साताऱ्याहून सर्व्हिस मोटारने फोटोवाला आला, आणि तुम्ही काय युक्ती काढली आहे ते मला त्याच्याबरोबरच कळलं. दाराआडून तुम्ही त्याला सांगत होतात, "फोटू काढायचा त्यो काचंचा काढायचा. काचंत कोन दिसंल ते दिसंल. तुमी काचंला बघायचं, बाईला न्हाई."

"आवं आक्का, आसा फोटू कवा काढला न्हाई मी."

"मग आज काढा."

पहाटेच तुम्ही गरम पाण्याने एका दाराचे कागद खरवडून काढले होते. ते दार परसात उघडलं. काचेच्या पाठीमागे काळं असलं की तिचा आरसा होतो, हे फोटोवाल्याने सांगितलं, म्हणून मागे घोंगडं सोडलं. माझ्या आणि त्याच्या मध्ये दोरीवर वाकळ टांगली. वाकळीच्या अलीकडे मी, पलीकडे तो, आणि दोघांच्या समोर काच. काचेत त्याला मी दिसत होते, आणि मला त्याच्या डोक्यावरचं काळं फडकं. मोडला असेल नियम तर तो काचेने मोडला! मला हसू फुटायला लागलं होतं. तेवढ्यात तुम्ही म्हणालात, "वारं हाय. दार हालतंय. मी धरती." आणि तुम्ही घोंगड्यामागे गेलात. काचेच्या कडेला चौकटीवर तुमची चार बोटं तेवढी दिसत होती. मी मान वर केली आणि जन्मात पहिल्यांदा कुणाकडे तरी सरळ बघितलं. बघितलं ते माझ्याकडेच. पण मी त्यांच्याकडे बघते आहे असं समजून बघितलं.

फोटो आला तेव्हा मी तो हातात घेतला आणि मला रडूच कोसळलं. चौकट कशी लख्ख आली होती! सागाची रेघ न् रेघ, काचेच्या कोपऱ्यात राहिलेला खळीचा डाग, आणि तुमची बोटं. वाकडी करंगळीसुद्धा. आणि मध्ये मी म्हणजे एक धुकट पांढरट आकार. नाक नाही, डोळे नाहीत. बिचाऱ्या फोटोवाल्याने तुमचा शब्द अक्षरशः पाळला होता. तो काचेलाच बघत राहिला. आज मी स्वतः फोटो काढते म्हणून मला समजतं. काचेतलं माणूस काचेवर नसतं. आपण काचेच्या जितके अलीकडे, तितकंच ते काचेच्या पलीकडे असतं, आणि कॅमेऱ्याला तेवढं लांब बघायला लावावं लागतं. त्याला ते कुणी शिकवलं नव्हतं, आणि वाकळ बाजूला करून एकदा विचारायची त्याची छाती नव्हती.

"दुसरा काढू या आत्याबाई," मी म्हणाले. सून म्हणून मी तुमच्याकडे तोंड उघडून मागितलेली ती पहिली गोष्ट.

"कशाला? दिसतीयास की. पदर हाय, डोस्कं हाय."

"तोंड न्हाई आलं."

"तोंड घरी आल्यावर बघंल की त्यो."

तो फोटो तसाच गेला. त्या रात्री मी जेवले नाही. खोटं कशाला बोलू, मला तुमचा राग आला होता. कढत, चरचरीत राग. मला वाटलं, हिला मी त्यांना दिसायलाच नको आहे. पुढे त्यांचं उत्तर आलं. "फोटो पोचला. चेहरा नीट आला नाही. पण आईची करंगळी ओळखली. लहानपणी मीच दारात चेमटली होती." मी वाचून थांबले.

"फुडं?"

"फुडं काय न्हाई. बाकी खुशाली हाय."

"तेवढंच परत वाच." मी वाचलं. तुम्ही पुन्हा वाचायला सांगितलंत. मग उठलात आणि खिडकीच्या दुसऱ्या दारावरचे कागदही पाणी लावून सोडवायला लागलात. मी बघत राहिले. सगळे कागद निघाल्यावर तुम्ही एवढंच म्हणालात, "बघ, काय बघायचं ते." आंबा सगळाच्या सगळा दिसत होता.

त्यानंतरच्या पावसाळ्यात तुम्हाला हिवताप झाला, आणि तुम्ही गेलात. लढाई संपली, तुमचा लेक धडधाकट घरी आला, आणि ज्याच्यासाठी गावातल्या आया नवस बोलत होत्या ते तुमच्या घरात घडलं तेव्हा तुम्ही नव्हतात. त्यांनी उंबऱ्यात उभं राहून माझ्याकडे बघितलं. या खेपेला मीही मान खाली घातली नाही. "आशी हाईस व्हय," ते म्हणाले, आणि हसले. मग माजघरात जाऊन त्यांनी खिडकी उघडली, वाकून दाराचा पितळी आकडा अडकवला, आणि चौकटीवर, तुमची बोटं होती त्याच जागी, हात ठेवून कितीतरी वेळ उभे राहिले. बाहेर वारा होता, आत्याबाई. आंब्याची पानं सळसळत होती. दार तसूभर हललं नाही.

तेव्हा मला लख्ख कळलं. आकडा होताच की. माझ्या वडिलांनी मुद्दाम बसवलेला. ते दार कुणी धरायची गरजच नव्हती. लेकाने सुनेचा फोटो मागितला होता, तुमचा नव्हता, आणि "माझा बी काढा" हे तुमच्या तोंडातून मेलात तरी निघालं नसतं. मी हे त्यांना कधी सांगितलं नाही. मला त्यांनी पुढे सगळा जन्म पाहिलं, अगदी कंटाळा येईपर्यंत पाहिलं. तुम्हाला मात्र त्या काचेच्या कडेएवढीच जागा मिळाली. तुमचा दुसरा फोटो कुठेही नाही. खरंच मुद्दाम धरलं होतंत ना दार? हेच विचारायचं राहून गेलं, आणि तेच मला बसू देत नाही.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, घरातच राहील. एक मात्र सांगते आणि उठते. परवा औंधला, यमाईच्या डोंगराच्या पायथ्याच्या एका घराच्या खिडकीचा फोटो काढला. एका हातात कॅमेरा होता, दुसऱ्या हाताने मी खिडकीचं दार धरलं होतं. फोटो धुऊन आला तेव्हा तुमची नात म्हणाली, "आई, तुझी बोटं आली की गं यात. सगळ्यांतच कशी येतात?" मी म्हटलं, "वारं होतं गं."

वारं नव्हतं, आत्याबाई.