दोन वेण्यांची मुलगी काढून टाकणे

४ मार्च, सोमवार

नवं गाव, नवी नोकरी, नवी वही. या वयात तिन्ही एकदम मिळायला नशीब लागतं, असं घरमालकीण म्हणाली. मी म्हटलं, नशीब नाही, भांडण लागतं. ती हसली खरी, पण चहाचा कप जरा लांबूनच पुढे केला.

दुकान मला आवडलं. लोकांच्या घरगुती जुन्या फिल्म इथे येतात आणि संगणकावर बघता येतील अशा होऊन परत जातात. मालकांना सगळे काका म्हणतात, मीही म्हणणार. माझं काम पहिल्या टेबलावरचं. डबा उघडून वास घ्यायचा. आंबट आला तर फिल्म सडायला लागली आहे. मग ती मऊ कापडाच्या चिमटीतून हळूहळू ओढत धूळ पुसायची आणि सुटलेले जोड चिकटवायचे. त्यापुढे काकांचं यंत्र एकेका चौकटीचा फोटो घेतं. बायका लाजून तोंडापुढे हात धरतात, पुरुष कॅमेऱ्याकडे उगाच चालत येतात, पोरं जीभ काढतात. घरोघरी मातीच्या चुली. दिवसभर लोकांचे आनंदाचे प्रसंग बघून माझा स्वभाव सुधारतो की काय, एवढीच धास्ती आहे.

संध्याकाळी समोरच्या शिवणकामवाल्या बाईकडे कुर्त्याचं कापड टाकलं. माप घेताघेता तिने आपली सगळी कहाणी सांगितली. नवऱ्याने दुसरं लग्न केलं, सासऱ्यांनी हिला दार दाखवलं, मग हिने मशीन घेतली. अशी माणसं मला लगेच आवडतात.

७ मार्च, गुरुवार

काका 'सफाई' पण करतात हे आज कळलं. मला वाटलं डाग, ओरखडे. ते तर आहेच, पण माणसंही. गिऱ्हाइकाने बोट दाखवायचं, काकांनी संगणकावर त्या माणसाला पुसायचं आणि त्याच्या जागी मागची भिंत नाहीतर झाडं भरून टाकायची.

आज एक आजोबा आले होते, थोरल्या मुलाची पहिली बायको काढून घ्यायला. पडद्यावर बघते तर समोरची शिवणकामवाली. तरुण, खुर्चीत बसलेली, कुणाचं तरी बाळ मांडीवर घेऊन हसतेय. आजोबा येताना तिच्याच दारावरून आले असणार. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी त्यांना विचारलं, की त्या बाळाला खाली पडू द्यायचं की हवेत ठेवायचं. आजोबांनी काकांकडे तक्रार केली.

ते गेल्यावर काका शांतपणे म्हणाले, गिऱ्हाइकाशी भांडायचं नाही. घरच्यांनी माणूस आधीच काढलेला असतो, आपण फक्त मागची भिंत भरतो. मी वळून पुढचा डबा उघडला. जड गेलं.

११ मार्च, सोमवार

कुर्ता आणायला गेले तर तिच्या दुकानाला गंजलेलं कुलूप. शेजारचा औषधवाला म्हणाला, ते त्याचं गोदाम आहे, शिवणकामाचं दुकान इथे कधी नव्हतंच. मी म्हटलं, माझं निळं कापड आहे आत. त्याने कुलूप उघडून दाखवलं. खोकी, खोकी, आणि छतापर्यंत जाळी.

परत येऊन मी आजोबांचा डबा उघडला. मूळ फिल्मला काका हातसुद्धा लावत नाहीत, पुसापुशी सगळी संगणकावर. तरी उजेडाच्या काचेवर धरून बघितलं. खुर्ची रिकामी. बाळ दुसऱ्याच कुणाकडे. कात्री लागलेली नाही, जोड नाही. हीच फिल्म मी स्वतःच्या बोटांनी पुसली होती.

काकांना विचारलं. कोण शिवणकामवाली, असं त्यांनी मलाच विचारलं. खोटं बोलत नव्हते. खोटं बोलणारा मला लांबून कळतो, आमच्या घरात एक होता.

१२ मार्च, मंगळवार

जेवून आले तर टेबलावर उघडलेलं पार्सल. वरचं अक्षर दादाचं. मी इथे आहे हे त्याला ठाऊक असायचं कारण नाही. जवळपास हे एकच दुकान आहे, म्हणून आलं. तीन डबे आणि एक चिठ्ठी. मुलीच्या लग्नात पडद्यावर दाखवायचं आहे, तरी दोन वेण्यांची मुलगी सगळीकडून काढून टाकणे.

मला भाऊ एकच, आणि वेण्या दोनच होत्या.

का काढायचं तेही लिहून ठेवते. आईच्या तेराव्याला मी सगळ्यांदेखत बोलले, की शेवटचं वर्ष आई मागच्या खोलीत होती आणि त्या खोलीला कडी बाहेरून होती. मी सुट्टीत गेले तेव्हा माझ्या हाताने उघडली होती. दादा म्हणाला, मिरची आहे ती, तिच्या बोलण्याकडे लक्ष देऊ नका. लहानपणापासून घरात मला मिरचीच म्हणतात. वहिनी मान खाली घालून उभी राहिली. आता ती कडी माहीत असलेली, आणि तोंड उघडणारी, मी एकटी आहे.

काकांना म्हटलं, हे काम घ्यायचं नाही, ही मुलगी मी आहे. त्यांनी पडद्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, वेण्या छान होत्या म्हणाले. मी जेवायला गेले तेवढ्यात तिन्ही फिल्म त्यांनी यंत्रातून काढल्याही होत्या. मी डबे उचलले आणि सरळ घरी आले. चोरी तर चोरी.

१३ मार्च, बुधवार

दादाला फोन केला. म्हणाला, पडद्यावर तुला बघितलं की लोक विचारणार, मग जुनं सगळं निघणार, पोरीच्या लग्नात नको. फिल्ममधूनच तर काढतोय, तुला कुठे काय होतंय. मी म्हटलं, लग्नाला येते आणि कडीचं पुन्हा सांगते, या वेळी माईकवरून. त्याने फोन ठेवला.

रागाच्या भरात डबे उचलून आणले, पण त्यातून काय मिळवलं? काकांना डबे लागतातच कुठे. त्यांच्याकडे सगळं संगणकावर आहे.

१५ मार्च, शुक्रवार

पहिली फिल्म खिडकीच्या काचेला लावली, भिंगातून बघितली. मला सायकल शिकवतानाची. दादा रिकाम्या रस्त्यावर पळतोय, दोन्ही हात पुढे धरून. सायकल नाही, मी नाही. हसतोय मात्र.

त्या दिवशी मी पडले होते, हनुवटीला टाके पडले होते. आरशात बघितलं. खूण नाही. बोट फिरवून फिरवून कातडी लाल झाली. खूण नाही.

१६ मार्च, शनिवार

दुकानात गेले. काकांनी हसून विचारलं, कोणत्या फिल्म आणल्यात. मी आतल्या खोलीत घुसले. पडद्यावर आमचं अंगण. काकांचं काम चालूच. मी स्टूल उचललं, संगणकावर घालणार तोच आरडाओरडा ऐकून आलेल्या औषधवाल्याने मागून धरलं. फुटपाथवर आणलं. मग हात सोडून विचारलं, बाई, तुम्हाला कुठे जायचंय. कशासाठी धरलं होतं तेच त्याला आठवेना.

घरमालकीण दारात. खोली भाड्याने द्यायची आहे, बघायला आलात का म्हणाली. तिला ढकलून आत आले. कडी लावली. आतून.

भाचीला फोन. आत्या बोलतेय म्हटलं. तिला आत्या नाही म्हणाली. गोड आवाजात. मग दादा आला फोनवर. ताई, चुकीचा नंबर लागलाय, आम्हाला कुणी बहीण नाही. इतक्या मायेने तो माझ्याशी आयुष्यात बोलला नव्हता.

शिवी दिली. त्याने ऐकून घेतली. काळजी घ्या म्हणाला.

दुसरी फिल्म बघितली. केक आहे. टाळ्या वाजवतायत सगळे. कुणासाठी ते—

१७, रविवार

तिसरा डबा उघडत नव्हते. उघडला.

आई. पायरीवर बसली आहे. मी मांडीत, पाटी माझ्या मांडीवर. माझी मूठ तिच्या मुठीत. अ गिरवून घेतेय. शाळेच्या आधीच लिहायला लावलं तिने मला. मी आहे अजून. दोन्ही वेण्या आहेत. काका या फिल्मपर्यंत आले नाहीत अजून.

म्हणजे वेळ आहे. लिहून ठेवते. सगळं. कुणालातरी सापडेल.

आईचं नाव—

नंतर लिहिते. पुन्हा बघून आले. एक वेणी—

दादा, ऐक. तू मला काढलंस तर तुला वाटेल आई सुखात गेली. तुलासुद्धा खरंच तसं वाटेल. हेच, हेच मला सहन होत नाही. रडशील पण छान. लग्नात पडद्यावर आई दिसली की रडशील. सगळे म्हणतील, काय मुलगा—

नाही. होऊ देणार नाही.

पेन नीट धरता येत नाही. बोटं कशी ठेवायची ते

आईचा हात पाटीवर फिरतोय. मुठीत कुणी नाही. तरी फिरतोय

खोली मागची. कडी बाहेर. त्याने आईला कोंड