शेजारची जागा

मंगळवार, पौर्णिमा. दिवेलागणीला.

आज एसटीत शेजारच्या सीटवर टॉवेल टाकून बसलो. सवयीनं. मारुती पुढं फाट्यावर चढायचा, म्हणून वाशीपासूनच त्याची जागा धरायची. शाळेत बाकावर दप्तर ठेवून धरायचो, तशीच. सातवीत दोघांची शाळा सुटली, पण येरमाळ्याच्या देवीची दर पौर्णिमेची वारी सुटली नाही. चढला की म्हणायचा, "सरक म्हाताऱ्या!" स्वतः माझ्यापेक्षा मोठा. तो जाऊन महिना झाला नाही, आणि मी टॉवेल टाकला. डोकं ठिकाणावर आहे का माझं?

गाडीत गर्दी. एक पोरगी लेकरू कडेवर घेऊन उभी होती. "आबा, कोणी येणार हाय का इथं?"

"व्हय, फाट्यावर चढणार हाय."

असं कसं तोंडातून निघालं? टॉवेल उचलायला काय झालं होतं?

फाटा आला. मी खरंच वाकून बघितलं. दोन बाया चढल्या, गाडी हलली.

"तुमचं माणूस आलं न्हाय की, आबा."

"न्हाय येणार आता. बस तू."

टॉवेल मांडीवर घेतला. मारुती येणार नाही, हे मी पहिल्यांदाच तोंडानं बोललो. त्याच्या मातीला गेलो होतो तेव्हासुद्धा बोललो नव्हतो.

पोरगी लई बोलकी. माहेरचं सांगत होती, लेकरू माझं बटण ओढत होतं. मी तोंड फिरवून बसलो. उतरताना "येते आबा" म्हणाली, तरी मी खिडकीबाहेरच बघत होतो. तिचं काय चुकलं होतं? पण ती उभीच राहिली असती तर बरं, असं वाटत होतं मला.