चिखलाचे टायर आणि ट्रॅक्टरची चौकशी

तीर्थस्वरूप दाजी यांस,

धाकट्या मेहुण्याचा नमस्कार. साष्टांग घालायची फार इच्छा होती, पण सध्या ज्या जागी बसून लिहितो आहे तिथे आडवं पडण्यात शहाणपण नाही, तेव्हा बसल्या बसल्याच गोड मानून घ्यावा. आम्ही सगळे खुशाल आहोत. तुमचा गुडघा काय म्हणतो? ताईचं डोकं अजून दुपारचं दुखतं का, आणि दुखत असेल तर ती साधारण किती वेळ झोपते? (आजची दुपार धरून विचारतो आहे.) आमची ही सकाळपासून तुमच्याकडे पडदे शिवायला आली आहे, तिचीही तब्येत कळवावी, विशेषतः मूड. आणि ट्रॅक्टरची प्रकृती कशी आहे? पहिल्या झटक्यात सुरू होतो ना? आपलं सहज विचारलं. घरातल्या एकूण एकाची विचारपूस करावी, असं आईने आम्हाला लहानपणीच शिकवलं आहे.

पत्रास कारण की, मी टायर घेतले. चिखलाचेच घेतले. तुम्ही रोपांना पाणी घालायचं सोडून, एका हातात नळी आणि एका हातात फोन धरून मला किती पोटतिडकीने समजावलं होतं, ते मी विसरलेलो नाही. तुमचं म्हणणं असं की टायर तीन जातीचे. एक रस्त्याचे, एक रस्ता आणि माती दोन्हीकडे चालणारे, आणि एक निव्वळ चिखलाचे, ज्यांचे दात बघून लहान मुलं रडतात. तुझं दुकान काचेचं, तू रोज पिकअपमध्ये खिडक्यांच्या काचा आणि लोकांचे आरसे घालून डांबरी रस्त्याने हिंडणार, तुझ्या वाट्याला चिखल येतो तो फक्त गल्लीच्या तोंडाशी पाइप फुटतो तेवढाच, तेव्हा मधले घे आणि गप्प बस. हे सगळं पटलं होतं. पण दाजी, पटणं वेगळं आणि दुकानात उभं राहणं वेगळं.

टायरवाला सज्जन माणूस आहे. त्याने फक्त रोज चालवायची का एवढंच विचारलं आणि मी हो म्हणताच मधल्या जातीकडे बोट दाखवलं. त्या टायरांकडे मी नीट बघितलं. चांगले होते, शाळेतल्या हुशार मुलासारखे. त्यांच्या पलीकडे मात्र ते उभे होते. एकेक दात माझ्या मुठीएवढा, मधल्या खाचा अशा की आत माझा हात मनगटापर्यंत गेला (घालून बघितला, काढायला टायरवाला आला). चिखल या खाचांत अडकत नाही, चाक फिरलं की बाहेर फेकला जातो, असं त्याने नाइलाजाने सांगितलं. मी म्हटलं, हेच, आणि एक नंबर मोठे द्या. तो माझ्याकडे बघत राहिला आणि मग पाणी प्यायला आत गेला.

आता घरची बाजू सांगतो, म्हणजे माझा जीव कशात अडकला आहे ते कळेल. हिला मुळात ही गाडीच नको आहे. उंच आहे, आवाज करते, चढायला शिडी लागते. तिला हवी छोटी, गुबगुबीत, थंड हवेची गाडी, जिच्यात बसलं की माणूस डबीत ठेवलेल्या अंगठीसारखा दिसतो. पिकअप घरी आली त्याच दिवशी तिने अट घातली होती की, ज्या दिवशी ही गाडी चिखलात रुतली असं कानावर येईल, त्या दिवशी ती विकायची आणि शहाण्या माणसांसारखी छोटी घ्यायची. मी मोठ्या तोऱ्यात कबूल केलं होतं. ही गाडी गेली तर दाजी, मी काय करीन सांगता येत नाही. दिवसभर दुसऱ्यांचे आरसे पुसणाऱ्या माणसाला संध्याकाळी स्वतःचं म्हणून काहीतरी लागतं, आणि माझ्याकडे ही एकच आहे.

गंमत म्हणजे टायरची गोष्ट निघाली तेव्हा हिनेच सांगितलं, घे तर चिखलाचे घे. मी थक्क झालो. हळूहळू तिच्यात गाडीविषयी माया उत्पन्न होते आहे असं मी समजतो, आणि त्याचं श्रेय माझ्या समजावण्याला देतो. आठवतंय ना, मागच्या वर्षी ऐन पावसात मी तापाने पडलो होतो आणि ही एकटी पिकअप घेऊन तुमच्याकडे रोपं आणायला आली होती? संध्याकाळी गाडी परत आली ती आरशासारखी लखलखीत, वरूनच नाही, खालूनसुद्धा धुतलेली. मी तापातही उठून बघितलं. ताईच्या घरचं वळणच तसं, म्हणालो. नंतर एकदा सीटखाली एक जाडजूड हिरवा दोर सापडला, दोन्ही टोकांना फास बांधलेला. तो कुणाचा म्हणून विचारलं तर ही म्हणाली, आधीच्या मालकाचा असेल, राहू दे, आणि दूध उतू जाईल म्हणून लगबगीने आत गेली. (दूध त्या दिवशी आलंच नव्हतं, पण तिचा स्वभाव काळजीचा.)

तर टायर बसले. दुकानातून निघून पहिलं वळण घेतलं आणि गाडीच्या पोटातून असा आवाज आला की मी खाली उतरून कुणी सापडलं का ते पाहिलं. एक नंबर मोठे घेतल्यामुळे चाक पूर्ण वळवलं की ते आतल्या पत्र्याला घासतं. आता मी पूर्ण वळतच नाही, लांबचा रस्ता धरतो. स्टेपनीही मोठीच घ्यावी लागली, ती जुन्या जागी मावेना, मागे टाकली तर काचांशी तिचं जमेना. म्हणून ती माझ्या शेजारी, हिच्या सीटवर, पट्टा लावून बसते. ही आज तुमच्याकडे बसने आली त्यामागचं कारण हे आहे, भांडण नाही.

आवाजाचं म्हणाल तर गाडी जरा वेग धरते तशी चाकं घुमू लागतात. मग मागच्या काचा त्या घुमण्यात आपला बारीक आवाज मिसळतात आणि मी चौकात पोचायच्या आधी माझी कीर्ती पोचते. परवा पार्लरवाल्या बाईंचा उंच आरसा नेला. तो शाबूत पोचला, पण गाडी बंद केल्यावरही इतका वेळ थरथरत होता की बाई त्यात बघून म्हणाल्या, मला आज बरं वाटत नाहीये का हो? ओल्या डांबरावर हे टायर थांबायला जरा वेळ घेतात हेही कळलं. सिग्नलवर थांबायचं ठरवलं होतं तिथे न थांबता मी थेट पोलिसाच्या समोर थांबलो आणि आमची ओळख झाली. खाचांत खडे अडकतात ते वेगळंच. संध्याकाळी ओट्यावर बसून स्क्रू-ड्रायव्हरने एकेक काढावा लागतो. शेजारचे निवृत्त मास्तर ते बघून म्हणाले, तांदूळ निवडल्यासारखं निवडता हो.

हे सगळं मी हसत सोसलं असतं, कारण गल्लीच्या तोंडाशी माझा हक्काचा चिखल होता. टायर बसून आठवडा झाला नाही तोच गल्ली सिमेंटची झाली. पाइपसुद्धा नवा टाकला. इतकी वर्षं अर्ज करकरून जे झालं नाही ते माझे टायर बघून झालं. सगळी गल्ली खुश, मास्तरांनी पेढ्यांऐवजी बिस्किटं वाटली, आणि मी एकटा दारात उभा राहून त्या गुळगुळीत रस्त्याकडे बघत होतो. तेव्हापासून मी चिखल शोधत हिंडतो आहे. गिऱ्हाइकांना विचारतो, तुमच्याकडे ओल वगैरे आहे का? बागेच्या माळ्याने तर मला वाफ्यांकडे टक लावून बघताना पकडून हाकलून दिलं.

एकंदरीत टायर अतिशय उत्तम आहेत. अजून एकदाही कुठे अडलो नाही, हे आमच्या हिच्या कानावर घालायला हरकत नाही. तुमचा सल्ला चुकीचा होता असं मी म्हणणार नाही, वडीलधारी माणसं आहात. ताईला नमस्कार, रोपांना आशीर्वाद, आणि गुडघ्याला गरम शेक देत जा. पत्र जरा लांबलं, कारण ते नेणारे गृहस्थ अजून निघायच्या तयारीत नाहीत.

तुमचाच,
आज्ञेबाहेर गेलेला मेहुणा

ता. क. वरचा शेवटचा परिच्छेद जेवणाआधीपर्यंत खरा होता. मी सध्या तुमच्या तळ्यामागे आहे. तिथली माती बघून ट्रॅक्टरही विचार करतो, असं तुम्ही एकदा म्हणाला होता, ते माझ्या डोक्यात बसलं होतं. हिला न्यायला (स्टेपनी मागे टाकून, आज काचा नाहीत) संध्याकाळी यायचं होतं, जरा लवकर आलो. चारही चाकांना ताकद देणारा छोटा दांडा ओढायचा असतो हे मला ठाऊक आहे. तो आत शिरल्यावर आठवला. टायरमधली हवाही थोडी कमी करायची असते, तेही आठवलं, पण तोवर हवा सोडायची जागा दिसेनाशी झाली होती. खाचा भरून चाकं गुळगुळीत झाली आहेत आणि जागच्या जागी फिरतात. खणतात मात्र फार सुंदर.

दुसरा ता. क. ट्रॅक्टर घेऊन या. कृपा करून ताईला उठवू नका. ताईला कळलं की हिला कळलं, आणि हिला कळलं की गाडी गेली. फोन करत नाही कारण दुपारी तुमचा फोन ताईच्या उशाशी असतो, आणि निरोप पाठवला तर ती तो मोठ्याने वाचते. म्हणून टायरवाल्याने दिलेल्या कागदांच्या मागे हे लिहून बदकवाल्या काकांबरोबर पाठवतो आहे. ते तुमच्याच वाटेने जाणार आहेत, फक्त बदकं तळ्यातून बाहेर यायचं नाव घेईनात. फक्त दाजींच्या हातात द्या, असं मी त्यांना दोनदा बजावलं आहे. दाजी, हसायचं तितकं हसा, पण या.

तिसरा ता. क. (अक्षर वेगळं आहे, दचकू नका.) दाजी, दार मी उघडलं. काका फक्त दाजींच्या हातात असं घोकत होते, चहा टाकते म्हटल्यावर चिठ्ठी माझ्या हातात देऊन बसले. वन्सं झोपल्या आहेत, पटकन निघा. मी मशीनवर बसून पडदे शिवते आहे, मला काहीही माहीत नाही, आणि यांना शेवटपर्यंत तसंच वाटू दे. मागच्या वर्षी मला दिलेला शब्द तुम्ही पाळलात, तसा हाही पाळा. छोट्या गाडीची अट तेवढी माझ्याकडे राहू दे, अधूनमधून कामाला येते. गाडी कुठे जात नाही, तिच्यात हे बसले की यांचा चेहरा कसा होतो ते मी रोज बघते. ओढताना मला ओढलंत त्याच बाजूने ओढा, दुसऱ्या बाजूला दगड आहे. दोर न्यायला नको, आपण ठेवला तिथेच सीटखाली आहे. आणि बाहेर काढल्यावर गाडी धुऊन द्या, खालूनसुद्धा. तुमच्या घरचं वळणच आहे ते.