बाईंनी शब्द सोडले

४ फेब्रु.
माझ्या लाडक्या फ्रेंच गायिका बाईंचं नवीन गाणं आलं. गाणं कसलं, नुसती घरघर! पुण्यात मी पोरांना फ्रेंच शिकवायचे ते या बाईंच्याच गाण्यांवर. रुसवे, चुंबनं, पॅरिसचा पाऊस. आता एक धड शब्द नाही. नवरोबा समीर ऑफिसच्या कॉलवरूनच ओरडले, "अगं, फ्रीज बिघडला का?" हसले. मग रागच आला.

७ फेब्रु.
ग्रोनिंगनला कार्यक्रम आहे बाईंचा. दोन तिकिटं काढली. समीर: "बघू, त्याच सुमारास सॉफ्टवेअरचं रिलीज आहे." म्हणजे नाही.

११ फेब्रु.
शेजारच्या डच विल्माला विचारलं, येतेस का. तिने फोनमधलं कॅलेंडर उघडलं, त्या दिवशी जमत नाही म्हणाली आणि एप्रिलमध्ये कॉफीची वेळ दिली. एप्रिल! कुणाच्या दारात सहज जाऊन उभं राहायची सोय नाही इथे. बाकी दिवसभरात बोलले ते एवढंच, सुपरमार्केटात: "पावती नको."

१४ फेब्रु.
घरघर रोज ऐकतेय. मधे बाईंचा आवाज कांद्यासारखा बारीक चिरलाय. त्यात चक्क "या ना, या ना"! पाहुणा दारात घुटमळला की आई म्हणते, अगदी तसं. मूळ फ्रेंच 'इल्यांना', म्हणजे नुसतं 'आहे'. बाईंनी सुरुवातीचा 'इल' छाटलाय. फ्रेंचच्या मास्तरणीला हे कळायला दोन दिवस लागले, कप्पाळ! कळूनही कान ऐकत नाहीत. कुणी मला 'या' म्हणून किती काळ…

२२ फेब्रु., परतीच्या ट्रेनमध्ये
एकटीच गेले. शेजारच्या खुर्चीत माझा कोट. बाई वायरींच्या जंजाळात, आमच्याकडे पाठ करून. कुणीतरी जुन्या गाण्याची फर्माईश केली; वळूनसुद्धा बघितलं नाही त्यांनी. बरेच उठून गेले. मला आवडल्या बाबा बाई. मग ते "या ना" आलं, भिंती हादरतील एवढं मोठं, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "आले, आले!" पुढचा माणूस वळून श्श म्हणाला. रडूच फुटलं. थांबेना.

२३ फेब्रु.
"झालं का छान?" समीरने विचारलं. रविवार असूनही कॉल चालूच. म्हटलं, "फार एकटी पडलेय रे मी इथे." म्यूट करून बसला. "मला वाटलं, तुला सवय झाली." मग लॅपटॉपकडेच बघत म्हणाला, "मला नाही झाली."
तिकडून कुणीतरी "समीर? समीर?" करत होतं. त्याने म्यूट काढलं नाही.