प्रोबवरचं नाव

मंगळवार, संध्याकाळ. चिखली.

आज सरांचा पुण्याहून फोन. कॅन्सरच्या गाठीत साचलेल्या औषधाचं रेडिएशन टिपून, गाठ कुठे आहे ते सर्जनला वाजून सांगणारा प्रोब मी त्यांच्या प्रयोगशाळेत घडवला आणि पेटंटमधून त्यांनी माझंच नाव काढलं. वर माझ्या गावाकडच्या बोलीला सगळ्यांसमोर हसले होते, "हिला आधी मराठी शिकवा."

आज आवाज मऊ. "अगं, चाचणीत ऑपरेशनच्या दिव्याखाली प्रोब उगाच वाजतोय. काय असेल?"

टोकाच्या फटीतून उजेड आत शिरतो आणि प्रोब त्यालाच रेडिएशन समजतो. मला पक्कं माहीत आहे. मुद्दाम म्हटलं, "मले काय माहीत सर? मले तं मराठीबी येत नाही."

फोन ठेवला. इतकं बरं कधी वाटलं नव्हतं. आई म्हणाली, "काऊन व, हासून राह्यली?"

मग मनात आलं, त्या खोट्या आवाजावर कोणी चांगला भाग कापला तर? माझं नाव काढलं ते सरांनी. पेशंटनं माझं काय केलं?

चाचणीच्या सर्जन मॅडमना लगेच फोन लावला. "प्रोब वापरू नका. दोष मी दाखवते. फक्त सगळ्यांसमोर, आणि सर पहिल्या रांगेत पाहिजेत."

त्या म्हणाल्या, "शुक्रवारी या. त्यांना मी बसवते."

दोष काढून देईन. सरांना माफी नाही.